ब्लाँडी घरी करताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ब्लाँडी म्हणजे ब्राउनीसारखीच, पण कोको नसलेली, फिकट सोनेरी रंगाची भाजलेली वडी. ब्राउनीच्या मिश्रणातून नुसता कोको वगळला की ब्लाँडी होते, असे समजून अनेक जण ती करून पाहतात आणि हाती आलेला पदार्थ नुसताच गोड लागल्याचे सोलापुरातील आमच्या दुकानात येऊन सांगतात. ब्राउनीत कोको आणि डार्क चॉकलेट यांचा कडवटपणा साखरेचा गोडवा तोलून धरतो. ब्लाँडीत तो आधार नसल्यामुळे तिची चव ब्राउन शुगर, बटर, व्हॅनिला आणि मीठ यांच्यातूनच यावी लागते.

त्यातही ब्राउन शुगरला पर्याय म्हणून साधी पांढरी साखर घालू नये, असा आमचा आग्रह आहे. ब्राउन शुगरमधील मोलॅसिसमुळे (साखर तयार करताना उरणाऱ्या गडद, दाट पाकामुळे) बटरस्कॉचसारखा स्वाद येतो आणि ते ओलावा धरून ठेवत असल्याने वडी आतून मऊ राहते. ब्राउन शुगर मिळाली नाही, तर २०० ग्रॅम साध्या साखरेत एक मोठा चमचा काकवी नीट चोळून घ्यावी; आपल्या ऊसपट्ट्यात चांगली काकवी मिळणे अवघड नाही.

आठ इंची चौकोनी साच्यासाठी ११५ ग्रॅम बिनमिठाचे बटर वितळवून त्यात २०० ग्रॅम ब्राउन शुगर फेटावी, मिश्रण कोमट झाल्यावर एक अंडे व एक छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स घालावा आणि शेवटी १२५ ग्रॅम मैदा व पाव छोटा चमचा मीठ हलक्या हाताने मिसळावे. मैदा दिसेनासा झाला की थांबावे, कारण जास्त घोटल्यास वडी चिवट होते. अंडे नको असल्यास पाव कप घट्ट दही व चिमूटभर खाण्याचा सोडा चालतो, मात्र पोत थोडा केककडे झुकतो. वरून पांढरे चॉकलेट घालण्याची पद्धत असली, तरी आम्हाला भाजून साले काढलेले शेंगदाणे अधिक आवडतात. त्यांचा खमंगपणा गोडवा आवरतो, आणि सोलापूरकरांना शेंगांची चव वेगळी सांगायला नको.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) आधी तापवून १७५ अंश सेल्सिअसवर २२ ते २५ मिनिटे भाजावे. ब्राउनीच्या गडद रंगामुळे ती किती भाजली हे डोळ्यांना कळत नाही. ब्लाँडीच्या कडा मात्र स्पष्ट सोनेरी होतात. त्या वेळी मध्यभागी खुपसलेल्या काडीला ओलसर कण चिकटले, पण कच्चे पीठ लागले नाही, तर साचा लगेच बाहेर काढावा. काडी कोरडी येईपर्यंत थांबल्यास वडी कोरडी पडते, कारण साच्याच्या उष्णतेत ती बाहेरही थोडी शिजत राहते.

पूर्ण थंड झाल्यावरच वड्या पाडाव्यात. हवाबंद डब्यात त्या तीन दिवस चांगल्या राहतात. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मात्र डबा फ्रीजमध्ये ठेवावा आणि खाण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावा.