अतिजलद्वेषी लेप व फिरत्या चकतीवरील पाण्याचा रोध

पाण्यात फिरणाऱ्या भागावर अतिजलद्वेषी, म्हणजे पाणी न धरणारा, सूक्ष्म खाचांचा लेप देऊन त्या खाचांत हवा अडकवायची आणि घर्षण घटवायचे, अशी ही पद्धत आहे. पंपाच्या इंपेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाच्या) दोन्ही बाहेरील बाजूंवर होणाऱ्या चकती-घर्षणासाठी तिचा विशेष विचार होतो. २०० मिमी व्यासाची गुळगुळीत चकती मोकळ्या पाण्यात मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरवल्यास सुमारे १ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो. म्हणजे १६० वॉट नुसते पाणी घुसळण्यात जातात.

मंडईतल्या अळूच्या पानावरून थेंब घरंगळतो तो याच कारणाने: मेणचट, खडबडीत पृष्ठावर पाणी उंचवट्यांच्या टोकांवरच टेकते. थेंबाची कड पृष्ठाशी करते तो स्पर्शकोन १५० अंशांच्या पुढे जातो. हवेची श्यानता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) पाण्याच्या पंचावन्नाव्या हिश्शाइतकी असल्याने पाणी तिच्यावरून घसरते. घसरण-लांबी (पाणी किती घसरते याचे माप: पाण्याचा वेग पृष्ठाच्या जणू जितका खाली शून्य होतो ते अंतर) २० मायक्रोमीटर धरली, तर संथ, स्तरीय (थराथराने, न घुसळता वाहणाऱ्या) प्रवाहात चकती व समोरच्या स्थिर भिंतीतल्या १ मिमी फटीत रोध जेमतेम २ टक्के घटतो, ०.१ मिमी फटीत मात्र १७ टक्के.

ॲल्युमिनियमच्या चकतीवर लेप करणे सोपे आहे. चकती ॲसिटोनने पुसून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे खरवडू द्यावी (हायड्रोजन सुटतो; जागा हवेशीर हवी), धुऊन अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवावी, मग अल्कोहोलमधील १ टक्का स्टिअरिक आम्लात बुडवून ८० अंश सेल्सिअसला सुकवावी. पाण्यात बुडवून तिरके पाहिल्यास पृष्ठ चांदीसारखे चमकले पाहिजे. जिथे करडा डाग दिसतो तिथली हवा गेलेली असते. कडेला ओढ सर्वांत जास्त असल्याने डाग बहुधा तिथून सुरू होतात.

अडचण दाबाची आहे. १० मायक्रोमीटर रुंदीच्या खाचेतली हवा सुमारे ५ किलोपास्कल, म्हणजे अर्धा मीटर पाण्याचा दाब सोसते. पुणे परिसरातल्या बोअरवेलमधला सबमर्सिबल पंप पाण्याखाली ६० मीटरवर असेल, तर खाच ०.०८ मायक्रोमीटरपेक्षा अरुंद हवी, आणि इतक्या अरुंद खाचांतून घसरण जवळजवळ मिळत नाही. अशा पंपांवर हा लेप लावणे व्यर्थ आहे. शिवाय हवा गेली की उरतो तो फक्त खडबडीतपणा. वरील चकतीच्या कडेशी पाण्याचा श्यान उपस्तर (पृष्ठालगतचा, खळबळ नसलेला पातळ थर) सुमारे ८ मायक्रोमीटर जाडीचा असतो. त्याहून उंच कंगोरे रोध उलट वाढवतात. फवारलेल्या जाड लेपांचे नुकसान बहुतेकदा येथेच होते.

पाण्याची जातही निकाल फिरवते. नळातून नुकत्याच काढलेल्या पाण्यात जादा हवा असते, ती खाचांतल्या हवेच्या थराला पोसते. उकळून गार केलेले पाणी थर विरघळवून टाकते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने उघड्या टाकीत मुरणारी हवा किनाऱ्यावरच्यापेक्षा सुमारे ६ टक्के कमी असते. म्हणून चाचणीचे पाणी उघड्या टाकीत रात्रभर ठेवून तापमान टिपावे. टाकी साबणाने धुतली असेल तर खूप खळखळावी, कारण साबणाचा अंशही पृष्ठताण उतरवतो.

मोजणी एकाच चकतीवर, तिन्ही वेळा त्याच तापमानाला करावी: लेपाआधी, लेपानंतर, आणि शेवटी खाचांतली हवा निघून जावी म्हणून लेप अल्कोहोलने भिजवून, न सुकवता पाण्यात बुडवून. बेअरिंग व सीलचा टॉर्क हवेत फिरवून वजा करावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांत फरक नसेल, तर दिसलेली घट हवेच्या थरामुळे झालेली नाही.