करबुड्याच्या बोगद्यात अडलेलं गाणं

उक्षी स्टेशन मागे पडलं की कोकण रेल्वेने नेहमी जाणारा माणूस खिडकीतून तोंड आत वळवतो. पुढे करबुड्याचा बोगदा. साडेसहा किलोमीटर काळोख, त्यात बघायचं काय? मागच्या मे महिन्यात मीही असाच आत वळलो. कानात इअरफोन होते. चालू गाणं काळोखातही निवांत वाजलं आणि संपलं. पुढचं मात्र सुरू होईना, स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. समोरच्या बाकावर कणकवलीला उतरणारे एक काका बसले होते. हातात बटणांचा फोन आणि त्यावर आख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशी डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सवाल-जवाबांचा सामना. एका बुवांनी दुसऱ्या बुवांना टोमणा हाणलेला, झांज तापलेली, आणि बोगद्याचं कोणाला काही सोयरसुतक नाही.

"तुझा बंद पडला?" काका म्हणाले. "माझा सगळा कार्डार आसा."

माझ्या फोनने चालू गाणं रेंज असतानाच पूर्ण उतरवून घेतलं होतं, म्हणून ते बोगद्यात टिकलं. पुढचं गाणं दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवर होतं. काकांचे बुवा मात्र नखाएवढ्या मेमरी कार्डावर, खिशातच. गाणं ठेवायचं कुठे आणि त्याची किल्ली कोणाकडे राहणार, या दोन प्रश्नांवरून जगातल्या मोठमोठ्या कंपन्या दहाएक वर्षं एकमेकांशी भांडल्या. त्यांचीही डबलबारीच होती म्हणा, फक्त गजर फार उशिरा झाला.

गाणं खिशात मावायला आधी ते बारीक व्हावं लागलं. सीडीवर आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. प्रत्येक मोजणी १६ बिटांची, आणि डावा-उजवा असे दोन आवाज. गुणाकार केला की सेकंदाला चौदा लाखांवर बिट होतात. पाच मिनिटांचा एक अभंग म्हणजे ५३ एमबी. डायल-अपच्या काळात तो उतरवायला तीनेक तास लागले असते आणि तोवर घरचा फोन एंगेज. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे तंत्र घडवलं, त्याने तोच अभंग पाच एमबीच्या आत आणला. १९९५ साली त्या फाइलींना 'एमपीथ्री' हे शेपूट मिळालं.

अकरा पटीने गाणं आटतं आणि तरी ते गाणंच वाटतं, हे कसं? इथे डबलबारी कामाला येते. झांजेचा खणखणाट चालू असताना शेजारी कोणी टाळ हलकेच वाजवला, तर तुमच्या कानाला तो जाणवतही नाही. दोघांचे सूर जवळपासचे असतील तर मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. ही कानाची खोड. मोठा ठोका पडून गेल्यावरही काही क्षण कान दिपल्यासारखा असतो, तेवढ्यात आलेलं बारीकसारीक त्याच्या हाती लागत नाही.

एमपीथ्री यातला 'न ऐकू येणारा आवाज कापून टाकते' असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं. ती कापण्यापेक्षा ढोबळ मोजते. रत्नागिरीच्या मासळी बाजारात सुरमई काट्यावर तोलून मिळते, मांदेली मात्र वाट्यावर. एक वाटा अमुक रुपयांना. त्यात दोन मांदेल्या कमी की जास्त, कोणी मोजत बसत नाही. एमपीथ्री आवाजाचे ५७६ बारीक पट्टे पाडते आणि प्रत्येक पट्ट्याला विचारते, तू सुरमई की मांदेली? कानाला स्पष्ट ऐकू येणार असेल ते नीट तोलायचं, शेजारच्या आवाजाखाली झाकलं जाणार असेल ते वाट्यावर सोडायचं. ढोबळ मोजण्याने थोडी खरखर तयार होते, पण तीही त्या मोठ्या आवाजाखालीच दडते.

कधीकधी ती दडत नाही, आणि ती पकडायला डबलबारीइतकी चांगली जागा नाही. बुवा एकदम थांबतात, क्षणभर शांतता, आणि मग झांजेचा पहिला ठोका. एमपीथ्री आवाज तुकड्यातुकड्याने हाताळते. एक तुकडा साधारण १३ मिलिसेकंदांचा. तुकड्याच्या शेवटी ठोका आला तर त्याची खरखर सगळ्या तुकड्यावर पसरते, म्हणजे ठोक्याच्या आधीच्या शांततेतही. मग ठोका पडण्यापूर्वी एक पुसट 'फस्' ऐकू येतं. अशा जागी तुकडे तिपटीने लहान करायची सोय एमपीथ्रीत आहे, पण जागा वाचवण्यासाठी आवाज फारच दाबला असेल तर तीही पुरत नाही. काकांच्या फोनवर झांज पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी येत होती. काकांची तक्रार नव्हती.

आता भांडणाकडे. १९९८ साली खिशातले पहिले एमपीथ्री प्लेअर आले. दक्षिण कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ. रिओत ३२ एमबी जागा, म्हणजे अर्धा तास गाणी. आमच्याकडे तेवढ्यात बुवांचं प्रास्ताविकही होत नाही. तरी अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. १९९९ साली निकाल रिओच्या बाजूने लागला आणि या धंद्याला रस्ता मोकळा झाला.

ॲपलचा आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ ला जाहीर झाला. त्यात तोशिबाची १.८ इंची हार्डडिस्क होती, पाच जीबीची, हजार गाण्यांची. हार्डडिस्क हे नाजूक प्रकरण. आत चकती गरगर फिरते आणि वाचणारी टाचणी तिच्यावर केसापेक्षा कितीतरी बारीक अंतरावर हवेत तरंगते. असलं यंत्र खिशात घेऊन माणूस कशेडी घाटातून एसटीने जाणार म्हटल्यावर काय व्हायचं? ॲपलने शक्कल लढवली. डिस्कशेजारी ३२ एमबीची मेमरी ठेवली. डिस्क थोडा वेळ फिरून पुढची वीसेक मिनिटांची गाणी त्या मेमरीत ओतते आणि झोपी जाते. गचके बसतात तेव्हा चकती बहुधा थांबलेलीच असते, आणि बॅटरीही वाचते. रिओचं सगळं भांडवल जेवढं होतं, तेवढं आयपॉडला नुसतं हाताशी ठेवायला लागत होतं!

माझ्या मावसभावाने मस्कतहून असाच एक हार्डडिस्कवाला प्लेअर आणला होता. गणपतीत सगळ्या वाडीने तो हातात घेऊन पाहिला. अनंत चतुर्दशीच्या आधीच तो ओट्याच्या पायरीवरून अंगणात पडला. उचलून कानाला लावला तर आतून टक्‌ टक्‌ टक्‌. टाचणी जागा शोधत होती आणि ती सापडत नव्हती. आजी म्हणाली, जीव आहे अजून. नव्हता. २००५ च्या आयपॉड नॅनोपासून ॲपलने फ्लॅश मेमरी मोठ्या प्रमाणावर घेतली. तिच्यात फिरणारं काहीच नाही. आमच्या दमट हवेत ज्यांनी कॅसेटच्या फितीवरची पांढरी बुरशी कापसाने पुसली आहे, त्यांना या शोधाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण खरी लढाई यंत्रांची नव्हती, कुलपांची होती. २८ एप्रिल २००३ ला ॲपलने आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. दोन लाख गाणी, कुठलंही ९९ सेंटला, आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख विकली गेली. गाणं विकत मिळे ते कुलूप लावून. फाइल गुप्त लिपीत, तिची किल्ली तुमच्या खात्याच्या किल्लीत गुंडाळलेली, आणि ती किल्ली ठरावीक संगणकांनाच मिळणार. खिशातल्या यंत्रांपैकी ती फाइल चालणार फक्त आयपॉडवर. शंभर गाणी घेतलेला माणूस पुढचा प्लेअर दुसऱ्या कंपनीचा कशाला घेईल? कुलूप चोरांसाठी आहे असं सांगितलं जाई, पण अडकत होतं ते पैसे मोजणारं गिऱ्हाईक. चोराला तर बिनकुलपाची फाइल फुकट मिळत होती. शिवाय असल्या कुलपात मुळातच एक गोम असते: गाणं वाजवायचं तर यंत्राला ते उघडावंच लागतं, म्हणजे किल्ली गिऱ्हाइकाच्याच घरात, फक्त त्याला सापडणार नाही अशी ठेवायची. किती दिवस सापडणार नाही?

सोनीची गत पाहून मला खरंच वाईट वाटतं. १९७९ साली वॉकमन काढून चालताचालता गाणं ऐकायची सवय जगाला यांनीच लावली. पण त्यांच्या घरात रेकॉर्ड कंपनीही होती. एक भाऊ प्लेअर विकणार, दुसरा गाणी चोरीला जातील म्हणून धास्तावणार. त्यामुळे सुरुवातीच्या नेटवर्क वॉकमन या डिजिटल प्लेअरवर एमपीथ्री थेट वाजेना. ती आधी सोनीच्या ॲट्रॅक पद्धतीत बदलायची. म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. एकदा वाट्यावर मोजलेली मांदेली पुन्हा वेगळे वाटे लावून मोजायची, दर खेपेला थोडी सांडणार. सोनीचं कनेक्ट नावाचं दुकान २००४ ला उघडलं आणि २००८ ला मिटलं.

२००४ मध्येच रिअलनेटवर्क्स या अमेरिकन कंपनीने आयपॉडवर चालतील अशी गाणी स्वतःच्या दुकानातून विकायला काढली. ॲपल खवळली आणि वर्ष संपायच्या आत आयपॉडच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून तिने ती वाट बंद करायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने तर कमालच केली. आधी 'प्लेज फॉर शुअर' नावाचं कुलूप काढून इतर प्लेअरवाल्यांना दिलं, आणि २००६ मध्ये झून नावाचा स्वतःचा प्लेअर आणला, तर त्यावर त्या कुलपाची गाणी वाजेनात. खात्रीने वाजणार असं नावातच लिहिलेलं!

झूनची एक गोष्ट मात्र प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या पोरांना सांगावीच. ३१ डिसेंबर २००८ ला ३० जीबीचे झून जगभर एकाच दिवशी गोठले. २००८ लीप वर्ष. आतलं घड्याळ दिवसांवरून साल काढायचं. दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत का? असतील तर, लीप वर्ष आहे का? असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील, तर ३६६ वजा करून पुढच्या सालात जा. आणि बरोबर ३६६ असतील तर? त्याचं उत्तरच लिहिलेलं नव्हतं. वजाबाकी होईना, बाहेर पडता येईना, यंत्र त्याच प्रश्नाभोवती घाण्याच्या बैलासारखं फिरत राहिलं. उपाय काय, तर बॅटरी संपू द्या आणि एक जानेवारीची वाट बघा.

कुलपं शेवटी गळून पडली. फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून रेकॉर्ड कंपन्यांनी कुलपांचा आग्रह सोडावा असं सांगितलं. ज्याचं कुलूप सगळ्यांत जास्त खपलं त्यानेच हे म्हणावं, यात थोडी मौज आहे. त्याच वर्षी ॲमेझॉनने बिनकुलपाची एमपीथ्री विकायला सुरुवात केली. २००९ मध्ये ॲपलच्या दुकानातली गाणीही मोकळी झाली.

हे सगळं चाललं होतं तेव्हा आमच्या बाजारपेठेतलं ऑनलाइन दुकान म्हणजे एसटी स्टँडजवळचं मोबाइलचं दुकान. 'येथे गाणी भरून मिळतील.' काउंटरमागे एक संगणक, त्यात फोल्डर: हिंदी, कोळीगीतं, नमन, आरत्या, डबलबारी. आपण कार्ड काढून द्यायचं. ते संगणकाला साध्या डिस्कसारखंच दिसतं, त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर नाही, खातं नाही, किल्ली नाही. दुकानदार बुवांची नावं विचारायचा आणि वर "गौळण टाकू काय?" म्हणायचा. आवडीनिवडीची शिफारस करणारी व्यवस्था तीच. हे सरळसरळ बेकायदा होतं आणि त्यातला एक पैसाही बुवांपर्यंत गेला नाही, हेही सांगायला हवं. बुवा रात्र रात्र गळा फोडत आणि फाइल कार्डावरून कार्डावर फुकट फिरे.

कायदेशीर दुकानं आपल्याकडे आली तोवर उशीर झाला होता. फ्लिपकार्टचं फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान फेब्रुवारी २०१२ मध्ये आलं आणि जून २०१३ मध्ये बंदही झालं. सहा-सात रुपयांच्या गाण्यासाठी ऑनलाइन पैसे भरायचा खटाटोप कोण करणार? आयट्यून्सचं दुकान डिसेंबर २०१२ मध्ये भारतात आलं. मग २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गाणं विकत घेणं ही कल्पनाच मागे पडली. मे २०२२ मध्ये ॲपलने शेवटचा आयपॉडही बंद केला. आता आपण महिन्याचं भाडं भरतो. ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणंही कुलपातच असतं. स्पॉटिफायसारखं ॲप तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेट मागतं, नाहीतर डाउनलोड केलेलं वाजत नाही. मी तर तेवढंही केलं नव्हतं, आळस.

बोगदा संपला. पुढच्या भोके स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली. माझ्या फोनला रेंज आली आणि अडलेलं गाणं आपोआप सुरू झालं. पण एव्हाना काकांच्या फोनवर पहिल्या बुवांनी समोरच्यांना द्रौपदीवरून एक अवघड सवाल टाकला होता. मी इअरफोन काढले.

"उत्तर देतत काय ओ?"

"गप रव," काका म्हणाले, "आयक."