वारुळासारखं पाऊल

बाभळीचा काटा पायात रुततो, निघतो, माणूस तो विसरूनही जातो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्याच जागी टणक गाठ येते. फारशी दुखत नाही, म्हणून शेतातलं काम चालूच राहतं. मग पाऊल सुजतं, ठिकठिकाणी तोंडं पडतात आणि पुवाबरोबर बारीक कण बाहेर येतात. कधी काळे, कधी खसखशीसारखे पांढरट-पिवळे. सुश्रुतसंहितेतल्या क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ मानलेल्या रोगांत, 'वल्मीक' (वारूळ) आहे: हातापायाचे तळवे, सांधे, मान अशा ठिकाणी वारुळासारखी हळूहळू वाढणारी, अनेक तोंडांनी वाहणारी गाठ. ते हेच दुखणं, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण असं पाऊल एकदा पाहिलं की वारुळाखेरीज दुसरं काही सुचत नाही.

१८४२ मध्ये मदुराईच्या दवाखान्यातून जॉन गिल यांनी या पावलाची नोंद केली आणि पुढे 'मदुरा फूट' हे नाव पडलं. आज वापरातलं शास्त्रीय नाव मात्र मुंबईतून आलं. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या शरीररचनेवरच्या प्रसिद्ध पुस्तकाची चित्रं काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर १८५८ मध्ये इथे आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, नंतर साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. पावलं चिरून त्यांनी आतले कण तपासले, काळ्या आणि फिकट कणांचे प्रकार वेगळे मांडले आणि कारण बुरशी ठरवलं. 'मायसेटोमा', म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव त्यांचंच. १८७४ मध्ये त्यांचा या रोगावरचा ग्रंथ निघाला.

निरीक्षण बिनचूक, नाव मात्र अर्धंच खरं. फिकट कणांमागे पुष्कळदा बुरशी नसतेच, जिवाणू असतात.

त्यांतल्या एका कुळाला नाव मिळालं ते गुरांमुळे. १८८८ मध्ये फ्रेंच पशुवैद्य एडमंड नोकार यांनी ग्वादलूप बेटावरच्या गुरांच्या रोगातून धाग्यांसारखा जिवाणू वेगळा केला, आणि पुढच्याच वर्षी ट्रेव्हिसान यांनी त्याला 'नोकार्डिया' म्हटलं. गंमत अशी की, नोकार यांचं म्हणून दोन संग्रहांत जपलेलं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू, पुढे तपासलं, तर एकात नोकार्डिया आणि दुसऱ्यात क्षयाच्या जंतूचा भाऊबंद निघाला! माणसात नोकार्डिया १८९१ मध्ये हान्स एपिंगर यांनी दाखवला, मेंदूत पू झालेल्या रुग्णात. जिवाणूंची वसाहत ताऱ्यासारखी दिसली म्हणून त्या जातीचं नाव 'अ‍ॅस्टेरॉइडिस'. पायाच्या गाठींत जास्त सापडणारी 'ब्राझिलिएन्सिस' ही जात १९०९ मध्ये लिंडेनबर्ग यांनी ब्राझीलमध्ये वर्णिली. मेक्सिकोत तर मायसेटोमाचं मुख्य कारण हीच.

या जिवाणूंचे धागे बुरशीसारखे फाटे फोडतात, त्यामुळे कित्येक दशकं त्यांची गणना बुरशीतच होत राहिली. १९१३ मध्ये पिनॉय यांनी जिवाणूजन्य आणि बुरशीजन्य मायसेटोमा वेगळे काढले. हा भेद नुसता पुस्तकी नव्हता. १९४०च्या दशकात सल्फा औषधं हाती आली, तेव्हा जिवाणूंची गाठ त्यांनी उतरू लागली. बुरशीच्या गाठीवर त्यांचा उपयोग होत नाही. त्याआधी दोन्हींचा शेवट बहुधा एकच, पाय कापणं. आजही नोकार्डियावर पहिलं औषध सल्फा असलेलं को-ट्रायमॉक्साझोलच, आणि तेही कित्येक महिने.

धुळीबरोबर श्वासातून फुप्फुसात गेलेला नोकार्डिया हे वेगळं प्रकरण. स्टेरॉइड दीर्घकाळ घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले अशांना तो गाठतो, तिथून मेंदूतही जातो. एकाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाही. आपल्याकडे खोकला, ताप, वजन घटणं म्हटलं की आधी टीबीच मनात येतो, आणि रंगवून सौम्य आम्लाने धुतलेल्या काचपट्टीवर हा जिवाणूही टीबीच्या जंतूसारखा लाल रंग धरून ठेवतो. फरक दिसतो तो आकारात: हे धागे लांब, फाटे फुटलेले.

मायसेटोमा २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादीत आला. प्रयोगशाळेतली अडचण मात्र साधीच आहे. जंतू उगवायला ठेवलेल्या नेहमीच्या प्लेटा दोन दिवसांत टाकून देतात, आणि नोकार्डियाला उगवायला कधी तीन दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'नोकार्डिया?' एवढं लिहिलं, तर ती प्लेट फेकली जात नाही.