औषध नसलेली सुई

ठाण्याहून ऐरोली-वाशीकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये एका हाताने वरचे हँडल धरून आणि दुसऱ्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग पेलून जे रोज उभे राहतात, त्यांना मान आणि खांदा यांच्यामधल्या स्नायूची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. हा ट्रॅपेझियस स्नायूचा वरचा भाग. दिवसभर संगणकापुढे मान पुढे काढून बसल्यावर संध्याकाळी तो चिमटीत धरून दाबला, तर बऱ्याच जणांच्या बोटांना आत ताणलेल्या दोरीसारखा पट्टा आणि त्यावर वाटाण्याएवढी दुखरी गाठ लागते. गाठ खांद्यावर असली तरी कळ मानेच्या कडेने चढून कानशिलापर्यंत जाते, आणि म्हणून खांद्याच्या दुखण्यासाठी डोकेदुखीची गोळी घेणारे पुष्कळ असतात.

अशा गाठीला 'ट्रिगर पॉइंट' म्हणतात. ही संज्ञा रुळवली ती जॅनेट ट्रॅव्हेल यांनी. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या त्या वैद्य झाल्या. त्या काळी गाठीत बधिर करणारे औषध टोचले जाई, आणि गुण येतो तो औषधाचा, असे गृहीत होते. मग चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी 1979 मध्ये 241 रुग्णांवरील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. टोचलेल्या जागांपैकी सुमारे 87 टक्के ठिकाणी वेदना तत्काळ थांबली होती, आणि सुईचा परिणाम औषधाच्या परिणामाहून वेगळा मानला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. औषध गेले आणि सुई उरली, म्हणून या उपचाराचे नाव 'ड्राय नीडलिंग', म्हणजे कोरडी सुई टोचणे. लेविट यांच्या पाहणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे मात्र तो आकडा सांगताना बहुधा वगळले जाते.

सुई इंजेक्शनची नसते. ती भरीव असते, तिची जाडी साधारण पाव मिलिमीटर असते आणि ती एकदाच वापरायची असते. ॲक्युपंक्चरमध्येही अशीच सुई वापरतात, पण तिथे टोचण्याच्या जागा पारंपरिक चिनी वैद्यकाच्या नकाशावरून ठरतात, तर इथे त्या शरीररचना आणि बोटांना लागणारी गाठ यांवरून ठरतात. सुई नेमकी गाठीत शिरली की स्नायू, पापणी फडफडावी तसा, क्षणभर आपोआप उडतो. रुग्णाला तो दचकवतो. उपचार करणाऱ्याला मात्र ती योग्य जागा सापडल्याची खूण वाटते.

आत काय घडते, याचे प्रचलित स्पष्टीकरण असे: मज्जातंतू जिथे स्नायूला भिडतो तिथे ॲसिटिलकोलिन हे रसायन गरजेपेक्षा जास्त झिरपते, त्या जागेचे तंतू आखडलेलेच राहतात, आखडल्यामुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि प्राणवायू कमी पडल्याने सैल होण्यासाठी लागणारी ऊर्जाच स्नायूला मिळत नाही. 2005 मध्ये अमेरिकी संशोधकांनी अतिसूक्ष्म नळीची सुई वापरून अशा गाठींतील द्रवाची तपासणी केली. त्यात आम्लता आणि वेदना वाढवणारी रसायने जास्त आढळली, आणि स्नायू उडाल्यानंतर त्यांपैकी काहींचे प्रमाण उतरले. तपासणी अवघ्या 9 जणांची होती. शिवाय, एकाच रुग्णाची गाठ दोन तज्ज्ञांना एकाच जागी सापडेल याची खात्री नसते, यावर बोट ठेवून ही सगळी मांडणीच नाकारणारे संशोधकही आहेत.

गुण येतो का? काही दिवस ते काही आठवडे वेदना कमी होते आणि मान अधिक वळते, असे बऱ्याच चाचण्यांत दिसले आहे. त्यापुढच्या काळाबद्दलचा पुरावा तोकडा आहे. खोटी सुई टोचून तुलना करावी, तर कातडीला झालेला नुसता स्पर्शही काही परिणाम करतोच, त्यामुळे निष्कर्ष धूसर होतात. माझ्या मते सुईचे खरे मोल त्या थोड्या मोकळ्या दिवसांत आहे, कारण दुखण्यामुळे टाळलेले व्यायाम तेव्हा करता येतात. नुसत्या सुईसाठी दर पंधरवड्याला पैसे मोजत राहिलात आणि बॅग त्याच खांद्यावर ठेवलीत, तर गाठ परतणारच.

टोचल्यावर एक-दोन दिवस ती जागा ठणकते, कधी काळीनिळी पडते; यात घाबरण्यासारखे काही नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी मात्र ते आधीच सांगायला हवे. दुर्मीळ पण गंभीर धोका सुई फुप्फुसाला टोचली जाण्याचा आहे. फुप्फुसाचे टोक या स्नायूच्या खालीच असते, म्हणून जाणकार फिजिओथेरपिस्ट स्नायू चिमटीत उचलून धरतो आणि मगच सुई घालतो. खांद्यावर किंवा पाठीवर सुई घेतल्यानंतर काही तासांत स्टेशनचा पूल चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर घरी शेक घेत बसू नये. तडक रुग्णालय गाठून सुई घेतल्याचे सांगावे आणि छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.