अराबेलाच्या अंगठीमागची गोष्ट

मायर हे टीव्हीवर मुलांना गोष्टी सांगणारे नट. एक दिवस त्यांच्या हाती छोटीशी घंटा लागते. ती वाजवताच समोर रुंबुराक हजर होतो. हा परीकथांच्या राज्यातला दुसऱ्या श्रेणीचा जादूगार. त्याच्या मदतीने शिकारी झालेले मायर त्या राज्यात नेमके बोलणाऱ्या लांडग्यालाच गोळी घालतात. शिक्षा होते रुंबुराकला, आणि तो सूड घ्यायला माणसांच्या जगात उतरतो. चेकोस्लोव्हाकियाच्या टीव्हीसाठी १९७९ ते १९८१ या काळात तयार झालेल्या ‘अराबेला’ या १३ भागांच्या मालिकेची ही सुरुवात.

रुंबुराकचा सूड मला अजूनही थक्क करतो. तो टीव्हीवरून मुलांना परीकथा मोडूनतोडून सांगतो, आणि तिकडे राज्यात खरोखरच सगळं उलटंपालटं होतं. गोष्ट सांगणाऱ्याच्या हाती किती ताकद असते, हे मुलांना इतक्या सोप्या रीतीने सांगणारी दुसरी मालिका मला माहीत नाही. चेकोस्लोव्हाकियातल्या मुलांना ते पटायला वेळ लागला नसणार. १९६५ मध्ये सुरू झालेला ‘व्हेचेर्निचेक’ हा टीव्हीवरचा गोष्टींचा कार्यक्रम संध्याकाळी लागायचा आणि तो संपला की झोपायचं, अशी घरोघरी शिस्त होती.

ही कल्पना एका दिवसात सुचलेली नव्हती. दिग्दर्शक व्हाक्लाव्ह वोर्लिचेक आणि लेखक मिलोश मात्सोउरेक ही जोडी बरीच वर्षं एकाच खेळात रमली होती: कल्पनेतलं पात्र उचलायचं आणि थेट प्रागच्या रस्त्यावर आणून सोडायचं. १९६६ च्या त्यांच्या चित्रपटात कॉमिक्समधली जेसी स्वप्नातून बाहेर येते आणि तिचं बोलणं फुग्यांमध्ये उमटतं. १९७२ मध्ये झाडूवर बसणारी साक्साना आली. ही चेटकिणींच्या शाळेत नापास झालेली मुलगी, ३०० वर्षांची शिक्षा चुकवून माणसांच्या शाळेत येते. अराबेला याच घराण्यातली. ती राजकन्या आहे, पण तिचा जीव जडतो मायरांच्या मुलावर, पेटरवर. बोटातली जादूची अंगठी फिरवायची आणि इच्छा बोलायची, एवढंच. अंगठी फिरते ती कुठल्या महालात नाही, तर जेवणाचं टेबल आणि शेजाऱ्यांची ये-जा असलेल्या साध्या घरात. म्हणूनच ती जादू खरी वाटते.

या साऱ्यामागे एक कठोर काळ उभा आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. त्यानंतर चित्रपट कुलूपबंद झाले, दिग्दर्शकांची कामं गेली, सेन्सॉर परत आला. मुलांच्या गोष्टी आणि हलकेफुलके विनोदी चित्रपट या वाटा मात्र पुष्कळशा मोकळ्या राहिल्या, आणि गुणी माणसं तिकडे वळली. बोझेना नेम्त्सोव्हा आणि कारेल यारोमिर एर्बेन यांनी एकोणिसाव्या शतकात जमवलेल्या लोककथांची शिदोरी त्यांच्याजवळ होतीच.

पैसा आला पश्चिम जर्मनीतून. कोलोनच्या डब्ल्यूडीआर वाहिनीने, विशेषतः तिथल्या मुलांच्या कार्यक्रमांचे संपादक गर्ट म्युंटेफेरिंग यांनी, प्रागच्या कलाकारांची किंमत फार आधी ओळखली होती. गोल हॅटवाल्या मुक्या जादूगाराची ‘पान ताउ’ ही मालिका १९७० पासून अशाच भागीदारीतून आली, आणि ‘अराबेला’ही त्याच भागीदारीतली. चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारला जर्मन चलन, म्हणजे मार्क, हवे होते, जर्मनांना या गोष्टी हव्या होत्या. शीतयुद्ध ऐन भरात असताना साम्यवादी पूर्व आणि पश्चिम युरोप यांच्यामधल्या पोलादी पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून मुलांसाठी काम केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही जर्मनींतल्या मुलांनी ‘अराबेला’ पाहिली, फक्त नावं वेगवेगळी होती. पश्चिमेकडच्या नावाचा अर्थ ‘परीकथेतली नवरी’.

मालिकेत मोठ्यांसाठीही पुष्कळ होतं. परीकथांच्या राज्यात मोटारी आणि टीव्ही शिरले की तिथली शांतता कशी नासते, हे त्यात दिसतं. मोठ्यांच्या परीकथांचं वेगळं राज्यही आहे आणि तिथे फ्रेंच गुन्हेकथांमधला खलनायक फँटोमास राहतो. मायर झालेले व्लादिमिर मेन्शिक आणि रुंबुराक झालेले यिर्झी लाबुस यांनी हे सगळं तोलून धरलं. रुंबुराक तर इतका आवडला की १९८४ मध्ये त्याच्यावर स्वतंत्र चित्रपट निघाला.

पुढची मालिका यायला १९९३ उजाडलं. तोवर साम्यवादी राजवट गेली होती आणि त्याच वर्षी १ जानेवारीला चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले होते. पहिली अराबेला साकारणारी याना नाग्योव्हा मूळची स्लोव्हाक. तिला चेक आवाज दिला होता लिबुशे शाफ्रांकोव्हाने, म्हणजे १९७३ च्या चित्रपटातल्या लाडक्या सिंड्रेलाने. नव्या २६ भागांत अराबेला झाली लिबुशेची सख्खी बहीण, मिरोस्लाव्हा.