क्वारंटीन

क्वारंटीन (काही जण क्वारंटाईन लिहितात) म्हणजे आजारी नसलेल्या, पण लागण झालेली असू शकते अशा माणसाला, जनावराला, जहाजाला किंवा मालाला ठरावीक दिवस वेगळं ठेवणं. आजार झालेलाच आहे त्याला बाजूला ठेवतात ते आयसोलेशन. सरकारी मराठीत अलगीकरण आणि विलगीकरण असा भेद करायचा प्रयत्न झाला, पण पेपरात दोन्हीला विलगीकरणच छापून यायचं आणि बोलताना "तो क्वारंटीन आहे" एवढ्यात काम भागतं.

शब्द व्हेनिसच्या बोलीतला, चाळीस दिवस या अर्थाचा. गंमत अशी की ज्या कायद्याला साधारणपणे पहिला क्वारंटीन मानतात त्यात चाळीस हा आकडाच नाही. रागुसा (आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक) इथे १३७७ मध्ये ठरलं की प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने शहरात शिरण्याआधी जवळच्या बेटावर किंवा त्साव्तात गावात महिनाभर थांबायचं. म्हणजे तीस दिवस, म्हणून त्याला त्रेंतिना म्हणत. व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर कायमचं प्लेग इस्पितळ काढलं, तिथे नाझरेथच्या मेरीचं चर्च होतं आणि अशा इस्पितळांना पडलेलं लाझारेत्तो हे नाव नाझरेथवरून आलं की संत लाझारसवरून, यावर अजून एकमत नाही, बहुधा दोन्ही मिसळले असावेत.

तिसाचे चाळीस नेमके कधी आणि का झाले हा खरा वादाचा भाग. पंधराव्या शतकात कधीतरी, एवढंच जपून म्हणता येतं. एका मताप्रमाणे हा आकडा बायबलमधला आहे, येशूचे वाळवंटातले चाळीस दिवस आणि त्यावरून आलेला ईस्टरआधीचा उपासाचा काळ. गोव्यातले ख्रिश्चन ज्याला कोरेझ्म म्हणतात तो पोर्तुगीज क्वारेश्मावरून आला, आणि क्वारेश्मा काय, क्वारेंतेना काय, दोन्ही लॅटिनमधल्या चाळिसाच्याच खानदानातले. दुसरं मत ग्रीक वैद्यकाचं, तीव्र आजार चाळीस दिवसांत प्रकट होतो, त्यापुढे गेला तर तो जुनाट समजायचा. दोन्ही कारणं एकत्र काम करत असावीत हे जास्त पटतं, कारण त्या काळातला डॉक्टर आणि पाद्री एकाच पुस्तकांवर वाढलेले. मध्ययुगातला इराणी वैद्य इब्न सीना याने ही पद्धत आणि नाव दोन्ही दिलं असं २०२० मध्ये व्हॉट्सॲपवर भरपूर फिरलं, त्याला भक्कम आधार दिसत नाही. आपल्याकडचा बाळंतिणीचा सव्वा महिनाही चाळिसाच्या जवळ जातो, पण त्याचा याच्याशी संबंध जोडू नये. इंग्लिश कायद्यात मात्र या शब्दाचा एक वेगळाच अर्थ होता, नवरा वारल्यावर विधवेला त्याच्या घरात चाळीस दिवस राहायचा हक्क, तो १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या हक्कांच्या सनदेतही आहे.

आज दिवस चाळीस नसतात. रोगाची लक्षणं दिसायला जास्तीत जास्त जितका वेळ लागतो तितके दिवस धरतात. पीतज्वराला, म्हणजे यलो फीवरला सहा, कोविडला सुरुवातीला चौदा. भारतात पीतज्वर नाही पण तो पसरवणारा एडिस डास आहे, म्हणून आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या लागणीच्या देशांतून लसीच्या सर्टिफिकेटशिवाय आलेल्याला इथे सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनीच सर्टिफिकेट लागू होतं हे विसरून बोटीवर जायची तारीख घेणारे तारवटी (बोटीवर नोकरी करणारे) गोव्यात भेटतात. सर्टिफिकेटचं ते पिवळं पुस्तक पासपोर्टला रबर लावून ठेवलेलं असतं, २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते.

मुरगाव बंदरात परदेशातून जहाज आलं की त्याला पोर्ट हेल्थची परवानगी, खलाशांच्या भाषेत प्रॅटिक, मिळावी लागते. त्यासाठी जहाज लावतं त्या पिवळ्या बावट्याचा अर्थ आता "जहाजावर सगळे ठीक, परवानगी द्या" असा आहे, जुन्या काळी नेमकं उलटं, रोग किंवा रोगाचा संशय. हल्ली बरंच काम आधी पाठवलेल्या आरोग्य जाहीरनाम्यावरच होतं.

कायद्याच्या बाजूने, १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगनंतर १८९७ चा साथरोग कायदा आला आणि पुण्यात त्याच्या अंमलबजावणीवरून काय घडलं ते सांगायला नको. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे, त्यामुळे या कायद्याच्या बाहेर.

२०२० मध्ये शब्द घरोघरी पोचला. गोव्यात पहिले तीन रुग्ण मार्चअखेर सापडले, एप्रिलमध्ये एकही सक्रिय रुग्ण उरला नाही, आणि जूनमध्ये वास्कोचा मांगोर हिल कंटेनमेंट झोन झाला. (कंटेनमेंट म्हणजे वस्ती बंद करणं, ते क्वारंटीन नव्हे, तरी लोक दोन्ही एकच धरायचे.) क्रूझवर अडकलेल्या तारवट्यांना परत आणल्यावर पुन्हा चौदा दिवस, हा त्या वेळचा मोठा विषय होता. महाराष्ट्रात होम क्वारंटीनवाल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारत.

झाडं, बियाणं, जनावरं यांचं वेगळं क्वारंटीन असतं. आयात रोपांसाठी २००३ चा केंद्राचा आदेश लागू आहे. अँटिव्हायरस संशयास्पद फाईल बाजूला काढून ठेवतो त्यालाही हाच शब्द वापरतात.