लैंगिक गुन्हेगार नोंदवही आणि बालकांचे हक्क (अमेरिका)

अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांची नावे, पत्ते आणि छायाचित्रे बहुधा लोकांना पाहता येणाऱ्या सरकारी नोंदवहीत ठेवली जातात. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने काही गंभीर गुन्ह्यांसाठी नोंदीची ही सक्ती चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांवरही आणली. नाव चढवण्याआधी त्या मुलाचे म्हणणे कोणी ऐकायचे की नाही, हा खरा वाद आहे.

१९६७ च्या गॉल्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांना आरोपाची पूर्वसूचना, वकील, उलटतपासणी आणि मौनाचा हक्क दिला. १९७१ मध्ये ज्यूरीचा (सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाचा) हक्क मात्र नाकारला; ज्यूरी आली तर बाल न्यायालयाचे अनौपचारिक, जिव्हाळ्याचे रूप जाईल, असे मत पडले. मोबदल्यात मुलाला गुप्तता आणि सुधारण्याची संधी मिळायची. नोंदवहीतल्या आजन्म नोंदीने हा मोबदलाच काढून घेतला. पोर ज्यूरीलाही मुकले आणि गुप्ततेलाही, हा उघड अन्याय आहे. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मुलांची अशी आपोआप होणारी आजन्म नोंद रद्द केली.

डिसेंबर २०१४ चा पेनसिल्व्हेनियाचा निकाल अधिक मूलगामी आहे. तिथल्या कायद्यानुसार मुलाने नोंदणीसाठी दर तीन महिन्यांनी स्वतः हजर राहायचे. शाळा, नोकरी किंवा पत्ता बदलला की तीन कामकाजी दिवसांत कळवायचे. नोंदीतून सुटकेचा अर्ज पंचवीस वर्षांनंतरच. असा गुन्हेगार पुन्हा गुन्हा करण्याचा धोका मोठा, हे कायद्याने गृहीतच धरले होते आणि ते खोडून काढायला मुलाला वावच नव्हता. त्या राज्याच्या घटनेत माणसाची अब्रू हा मूलभूत हक्क आहे. मुले प्रौढांपेक्षा सहज सुधारतात, त्यामुळे हे गृहीतक सरसकट खरे नाही, आणि प्रत्येक मुलाची स्वतंत्र पारख शक्य आहे, असे सांगून न्यायालयाने मुलांवरील ही सक्ती घटनाबाह्य ठरवली.

हे निकाल त्या-त्या राज्यापुरतेच आहेत. संघराज्य पातळीवर कनेक्टिकट राज्याच्या खटल्यातला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल आड येतो: नोंद केवळ दोषसिद्धीवर होत असेल, तर आज ती व्यक्ती धोकादायक आहे का, यावर सुनावणी देणे बंधनकारक नाही.

भारतात २०१८ पासूनची लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. विधिसंघर्षग्रस्त बालकाची (गुन्ह्याचा आरोप किंवा दोष असलेल्या अल्पवयीनाची) ओळख उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे. अपिलाची मुदत संपल्यावर त्याचे दप्तरही नष्ट करायचे असते. अपवाद, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बालक न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवून घृणास्पद (कायद्याच्या दृष्टीने अतिगंभीर) गुन्ह्यात दोषी ठरवल्याचा.